पुलाच्या सिनेमातले अकरा सेकंद

मला ओबो आणि क्लॅरिनेट या फुंकवाद्यांच्या आवाजातला फरक आजही कळत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याकडून कुणी संगीताच्या जाणकारीची अपेक्षा ठेवायला नको. मी जन्मभर जमिनी मोजल्या. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत असा बांध क्वचितच असेल, ज्याच्यावर उभं राहून मी दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या नाहीत. ज्याची जमीन कमी भरते त्याला वाटतं मोजणीदाराने पलीकडच्याचं खाल्लं, आणि ज्याची जास्त भरते त्याला वाटतं अजून थोडी भरायला हवी होती. त्यामुळे समोर दोन माणसं हमरीतुमरीवर आली की आपण तिसरीकडे बघत शांत उभं राहायचं, ही सवय लागली ती लागलीच. बायको म्हणते, तुमच्या अंगात रक्त नाही, जमीन मोजायची साखळी आहे.

या सवयीमुळेच भोरच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात माझी खुर्ची ठरलेली आहे. दुकान मिस्त्रींचं. आधी तिथे रेडिओ दुरुस्त व्हायचे, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, आता मोबाईल. पाटी चारदा बदलली. आतलं लाकडी टेबल, त्यावरचा सोल्डरिंगचा वास आणि दर रविवारी सकाळी जमणारी माणसं मात्र तीच. तिथे आम्ही सिनेमाच्या पार्श्वसंगीतावर वाद घालतो. गाण्यांवर नाही, गाण्यांवर कुणीही वाद घालतं. नायिका जिना उतरताना, पोलीस दार ठोकताना, म्हातारं माणूस डोळे मिटताना मागे जे वाजत असतं आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, त्याच्यावर. भोरसारख्या गावात असा वाद चाळीस वर्षं चालतो हे सांगितलं की पुण्याचे पाहुणे हसतात. हसू देत.

वादाचे पक्ष दोन. मास्तर आणि मिस्त्री.

मास्तर माझा मित्र. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाला, भोरमध्येच घर बांधलं. मूळ गाव वेल्ह्याच्या वाटेवर, मार्गासनी ओलांडून थोडं आत. तो मोठ्या वाद्यवृंदाचा भक्त. त्याला ऑर्केस्ट्रा हा शब्द वापरायची चोरी होती, कारण आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला गाण्यांचा कार्यक्रम आणि झगमगीत कोट घातलेला निवेदक. म्हणून तो हट्टाने वाद्यवृंद म्हणायचा. चाळीस व्हायोलिनं एका दमात खाली येतात तेव्हा छातीत काय होतं ते ज्याला कळत नाही, त्याने खुशाल झोपून सिनेमा बघावा, असं त्याचं मत.

मिस्त्रींचं मत उलट. भोरमधलं त्यांचं तिसऱ्या पिढीचं घर, बोलणं आमच्यापेक्षा चोख मराठी आणि जीभ धारदार. ते म्हणायचे, "मास्तर, ज्या लाऊडस्पीकरच्या कर्ण्यातनं तुम्ही ऐकलंत ना, त्याच्यात चाळीस काय आणि चार काय, एकच. कर्णा मी दुरुस्त केलाय, मला सांगू नका. चाळीस जणांना बोलावलं तो चहावाल्याचा फायदा."

"म्हणजे एका सारंगीवर भागवायचं?"

"भागतंय की! आई मेलेली पडद्यावर दिसतेय. माणूस आपोआप रडतो. त्याला मागून चाळीस जणांनी ढोसायचं कशाला, रड रड म्हणून?"

मग मास्तर लाल व्हायचा. मिस्त्रींच्या दुकानात नियम होता की जो दावा करेल त्याने तो तुकडा वाजवून दाखवायचा, वाजत असताना कुणी चकार शब्द काढायचा नाही, आणि हरेल त्याने समोरच्या हॉटेलात जाऊन चहा सांगून यायचा. हरला कोण हे मी ठरवायचं. मला सुरातलं काही कळत नाही म्हणूनच मला नेमलं होतं. मी मनगटावरच्या घड्याळाने वेळ मोजायचो, वहीत लिहायचो, आणि जो कमी ओरडला असेल त्याच्या बाजूने निकाल द्यायचो. एकदा कुणाच्या तरी भाच्याने कीबोर्ड आणून एका बोटाने चाळीस व्हायोलिनांचा आवाज काढून दाखवला. मास्तर उठला, चपला घातल्या आणि पुढचे तीन रविवार आला नाही.

मास्तरचा हुकमाचा एक्का एकच होता. पुलाचा सिनेमा.

त्या सिनेमाचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण तो कुणी पाहिलेला नसतो. एका इंजिनिअरची गोष्ट. त्याने बांधलेला पूल पडतो, माणसं मरतात, आणि शेवटी तो एकटाच उरलेल्या अर्ध्या पुलावर जाऊन उभा राहतो. मागे व्हायोलिनं चढत जातात, चढत जातात आणि तुटल्यासारखी थांबतात. शांतता. आणि त्या शांततेत लांबून एक सूर उठतो. खालून सुरू होतो, वर चढतो आणि अगदी टोकाला जाऊन फाटतो. मग पुन्हा शांतता. मग तोच सूर दुसऱ्यांदा, पहिल्यापेक्षा लांब. मधली शांतता मी तीनदा मोजली होती. अकरा सेकंद.

"फ्रेंच हॉर्न," मास्तर त्या विलायती पितळी वाद्याचं नाव सांगायचा. "शंभर वादक समोर बसलेत. त्या माणसाने शंभरांना गप्प केलं आणि एकाला उभं केलं. हीच वाद्यवृंदाची ताकद, मिस्त्री. एकटं वाद्य वाजवणं आणि शंभरांतलं एक वाजणं, यात फरक आहे. आणि ते अकरा सेकंद! कोण थांबेल आज अकरा सेकंद? आणि दुसऱ्यांदा का वाजवलं? एकटेपणा एकदा सांगून कळत नाही म्हणून."

यावर मिस्त्री गुपचूप उठून चहा सांगायला जायचे.

सिनेमा आठवड्यात पडला, पुन्हा कुठे लागला नाही, टीव्हीवर आला नाही. त्याचं संगीत जगात फक्त एका कॅसेटवर होतं आणि ती मास्तरची होती. ती कशी झाली ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण झाली तेव्हा टेपरेकॉर्डर माझ्या मांडीवर होता.

ते साल माझ्या नोकरीचं दुसरं-तिसरं. मास्तरच्या गावात गावठाणाची मोजणी काढली होती आणि माझा मुक्काम महिनाभर तिथल्या शाळेत होता. मास्तर तेव्हा चोवीस वर्षांचा, नुकताच नोकरीला लागलेला, जत्रेसाठी घरी आलेला. मिस्त्रींचा भाऊ आखातात होता, त्याने पाठवलेला टेपरेकॉर्डर मास्तरने मागून आणला होता. जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा. आम्हा लोकांची त्या काळातली पद्धत अशी होती की सिनेमा बघायला जायचं ते टेप घेऊन, कर्ण्याच्या खांबाजवळ बसायचं आणि आवाज टिपून घ्यायचा. त्यात खोकले यायचे, शिट्ट्या यायच्या, शेंगदाणे विकणारा यायचा. आम्ही ते ऐकताना मनातल्या मनात वगळायला शिकलो होतो. मास्तर तर म्हणायचा, माझा कान चाळणी आहे.

आता त्या गावातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिथल्या देवाच्या पालखीला शिंगाचा मान आहे. शिंग म्हणजे पितळेचं वळणदार वाद्य, छातीतला सगळा दम घालून फुंकायचं. मान मास्तरच्या घराचा. जत्रेच्या दिवशी रात्री बाप देवळाच्या दारात उभा राहून शिंग फुंकतो, आणि थोरला मुलगा वेशीवर जोडीचं शिंग घेऊन उभा असतो, तो तिथून उत्तर देतो. एक हाक, एक उत्तर. उत्तर आलं की पालखी उचलायची. गावात हे कधीपासून चालत आलं कुणाला माहीत नाही.

तंबू वेशीजवळच्या पडीक वावरात होता. मास्तरने हिशेब केला होता की सिनेमा बघत बसू, आबांचं शिंग वाजलं की तंबूतून उठून वेशीवर पळायचं, जोडीचं शिंग तिथे ठेवलेलंच आहे, फुंकायचं आणि परत यायचं. आबा म्हणजे त्याचे वडील. मला त्याने टेप धरायला बसवलं. "माझा एक कान तिकडेच आहे," म्हणाला. सिनेमा संपला, गर्दीतून वाट काढत आम्ही बाहेर येईपर्यंत पालखी निघून गेलेली. वेशीवरचं शिंग जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी चावडीवर गाव बसलं. आबा म्हणाले, मी दोनदा फुंकलं. मास्तर म्हणाला, एकदाही नाही. त्याचं म्हणणं असं की आबांना त्याचं टेप घेऊन तंबूत बसणं खुपत होतं, मान पुतण्याला द्यायचा होता, म्हणून त्यांनी फुंकलंच नाही. गाव सांगत होतं की आम्ही ऐकलं. त्याला वाटलं गाव म्हाताऱ्याची बाजू घेतंय. आणि तो भर चावडीवर बापाला म्हणाला, "आबा, तुम्ही खोटं बोलताय." मी तिथे होतो. मलाही कुणीतरी विचारलं, तुम्ही तंबूतच होता ना, ऐकू आलं का? मी म्हणालो, नाही. मी खरं तेच सांगितलं होतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे पाहिलं.

मान पुतण्याकडे गेला. आबा पुढे दोन वर्षांनी वारले, तोवर बापलेकांत कामापुरतं बोलणं होतं. मास्तर हे कधी लपवत नसे. उलट दुकानात शिंगाचा विषय निघाला की म्हणायचा, "दीड सुराचं वाद्य ते. आणि त्या वर्षी तर तेही वाजलं नाही. वाजलं असतं तर मला ऐकू आलं नसतं? माझे कान आहेत हे!" एवढं बोलून झालं की तो त्या दिवशी कशावरच वाद घालायचा नाही.

गेल्या साली फेब्रुवारीत मिस्त्रींनी मला आडवारी दुकानात बोलावलं. शटर अर्धं खाली ओढलेलं. "मोजणीदार, बसा," म्हणाले, "मास्तर मेले आज." मी दचकलो तर हसले. "तसं नव्हे हो. पुलाचा सिनेमा सापडला." कुणीतरी हौशी माणसाने जुनी प्रत मिळवून, साफ करून मोबाईलवर सगळ्या जगाला बघता येईल अशी टाकली होती. मिस्त्रींनी शेवटचा भाग लावला. इंजिनिअर पुलावर आला. व्हायोलिनं चढली, थांबली. शांतता. मी सवयीने घड्याळाकडे पाहिलं. शांतता चालूच. पडद्यावर सिनेमा संपल्याची पाटी आली.

"कुठाय हॉर्न?" मिस्त्री टेबलावर हात आपटून म्हणाले. "चाळीस वर्षं मला चहा सांगायला पळवलं या माणसाने! हॉर्नच नाही! रविवारी सगळ्यांसमोर लावतो की नाही बघा."

"मग कॅसेटवर वाजतं ते काय आहे?"

मिस्त्रींनी मूळ कॅसेट काढली. ती त्यांच्याकडेच सांभाळायला असायची. हेडफोन लावून तो तुकडा पाच-सात वेळा ऐकला आणि त्यांचं हसू हळूहळू उतरलं. "हा आवाज कर्ण्यातनं आलेला नाही," ते म्हणाले. "कर्ण्यातला आवाज दबलेला असतो, नाकात बोलल्यासारखा. ह्याला मोकळी हवा लागलीय. हा तंबूच्या बाहेरनं आलाय. काय वाजत होतं हो तेव्हा बाहेर?"

मी हेडफोन मागून घेतला, तो सूर ऐकला आणि हेडफोन काढून ठेवला. मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग त्यांनाही कळलं. चावडीची गोष्ट त्यांनी मास्तरच्याच तोंडून शंभरदा ऐकली होती. "या अल्ला," एवढंच म्हणाले आणि शटर पूर्ण खाली ओढून घेतलं.

सांगायचं की नाही यावर आमची जुंपली. मिस्त्री, जे दोन मिनिटांपूर्वी गावभर दवंडी पिटायला निघाले होते, तेच आता हात जोडायला लागले. "राहू द्या. मोबाईलवर काय, उद्या निघूनही जाईल तो सिनेमा. सत्तरीला आलाय माणूस. मी आयुष्यभर हरतो, मला चालेल." मी म्हणालो, हद्दीचा दगड सरकलेला दिसला की मला गप्प बसता येत नाही. ते म्हणाले, "दगड आहे का मास्तर?" खरं सांगायचं तर मला माझाही हिशेब चुकता करायचा होता. त्या चावडीवर माझीही साक्ष झाली होती.

मी मास्तरच्या घरी गेलो आणि आधी सिनेमा, मग कॅसेट, दोन्ही ऐकवलं. शिंगाचं नाव मी काढलं नाही. त्याने दोन्ही ऐकलं आणि म्हणाला, "प्रत साफ करताना हॉर्न पुसला गेला असेल." मी मिस्त्रींचं म्हणणं सांगितलं, मोकळ्या हवेचं. तो भडकला. "मिस्त्रीला काय कळतं? आणि तुला रे? तुला ओबो कळत नाही अजून! जन्मभर दुसऱ्यांच्या हद्दी उकरत फिरलास, आता माझी उकरायला आलास?" मी बसून राहिलो. असं बोलणं मी कैक बांधांवर ऐकलेलं आहे. थोड्या वेळाने तो खाली बघत म्हणाला, "मला शिंगाचा आवाज ओळखू येत नाही असं म्हणायचंय तुला?" म्हणजे शिंगाचं नाव त्यानेच काढलं.

मी म्हणालो, "तू शिंग कायम उघड्यावर ऐकलंस. कापडाच्या आतून कधी ऐकलं नव्हतंस. आणि तेव्हा व्हायोलिनं नुकतीच थांबली होती."

त्याने कॅसेट पुन्हा लावली आणि तो तुकडा शेवटपर्यंत ऐकला. मग तो म्हणाला, "आक्काला ऐकवू. काही सांगायचं नाही तिला. नुसतं ऐकवायचं."

आक्का त्याची थोरली बहीण, त्याच गावात दिलेली, पंचाहत्तरीची. दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरवरून आम्ही दोघं म्हातारे कापूरहोळ, नसरापूर करत निघालो. मास्तर मागे बसून मिस्त्रींनी कॅसेटवरचा तो तुकडा भरून दिलेला छोटा स्पीकर पोटाशी धरून होता. आक्का पडवीत सुपात हुलगे निवडत बसली होती. "आलास व्हय? लई दिसांनी वाट चुकलास," म्हणाली. मास्तरने चौकशीचं काही बोलायच्या आधीच स्पीकर उंबऱ्यावर ठेवला आणि लावला.

व्हायोलिनं सुरू झाली. "ह्ये काय रडगानं लावलंयस?" म्हणत आक्का हुलगे निवडतच राहिली. व्हायोलिनं थांबली. सूर उठला, चढला, फाटला.

आक्काचा हात सुपात तसाच राहिला. "आबा," ती म्हणाली.

स्पीकर गप्प होता. मी घड्याळ बघत नव्हतो, पण मला ते सेकंद पाठ होते. आक्काने हात वर केला. "थांबा. आता परत फुंकत्याल."

आणि दुसऱ्यांदा सूर उठला.

स्पीकर बंद करायचं कुणाला सुचलं नाही. पुढचा गोंगाट, शिट्ट्या, खुर्च्या ओढल्याचा आवाज वाजत राहिला. मास्तरने विचारलं, "आक्का, एकदाच फुंकायचं असतं ना?" त्याचा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता.

"एकदाच. माज्या आठवनीत त्या सालीच तेवढं दोनदा. म्या देवळाच्या पायरीवरच व्हते की. तुजं उत्तर आलं न्हाई. भोई म्हनाय लागले, उचलू का पालखी? आबा म्हनले, थांबा जरा. येतोय त्यो." आक्काने पदर डोळ्यांना लावला, आणि मग रागावल्यासारखी म्हणाली, "ह्ये आदी का न्हाई आनलंस? म्या मेल्यावर आननार व्हतास?"

मास्तर उठून अंगणात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी आजवर त्याला पार्श्वसंगीत ऐकून अनेकदा रडताना पाहिलं आहे, पण तेव्हा तो तोंड लपवत नसे. मी सुपातले हुलगे निवडत बसलो. आक्काने स्पीकर हातात घेतला, तो कुठून बोलतो ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "परत लाव रं, बाबा." मी सहा वेळा लावला. दर वेळी ती मधल्या शांततेत हात वर करायची.

परत येताना मार्गासनीला चहाला थांबलो. चहा निवत चालला तरी मास्तरच्या बशीत ओतलेला तसाच होता.

"अकरा सेकंद ना रे?" तो म्हणाला.

"अकरा."

"नीट मोजलेस?"

"तीनदा."

त्याने मान हलवली. "मिस्त्रीला मी सांगायचो, एकटेपणा एकदा सांगून कळत नाही म्हणून दोनदा वाजवलं. काय काय बोललो रे मी त्याच्यावर! आणि म्हातारा तिकडे... येतोय तो म्हणाला." मग तो रस्त्याकडे बघत राहिला. एक एसटी वेल्ह्याकडे गेली, तिची धूळ बसली. नंतर माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "तंबूपासून वेस किती होती? तू त्याच वर्षी गावठाण मोजलं होतंस."

मोजलं होतं. नकाशा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. ज्या खांबाला टेकून आम्ही बसलो होतो तिथपासून वेशीच्या डाव्या दगडापर्यंत बासष्ट मीटर. चोवीस वर्षांचा पोरगा पहिल्या हाकेला उठला असता तर दुसरी हाक द्यायची वेळ आली नसती. मी चाळीस वर्षं दोन तालुक्यांत कुणाला एक वीत इकडची तिकडे सांगितली नाही. लोकांनी दम दिले, पाया पडले, मी आकडा बदलला नाही.

"दोनशे मीटर," मी म्हणालो. "थोडं जास्तच. तू पोचला नसतास."

मास्तर त्या गावात जन्मला होता. त्या वेशीतून तो रोज शाळेत गेला होता, त्या वावरात विटीदांडू खेळला होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, बशी उचलली आणि गार चहा एका घोटात संपवला.

"दोनशे," तो म्हणाला. "बरोबर आहे तुझं."